मदत हवी आहे: पंचवटीतल्या मनपा शाळेच्या इतिहासासाठी मोडी वाचणारं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. आमची मुलं पंचवटीतल्या मनपाच्या प्राथमिक शाळेत शिकतात आणि मी तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीत आहे. शाळेच्या 'आनंददायी शनिवार' या उपक्रमात मुलांकडून परिसराचा इतिहास लिहून घ्यायचा आहे. कपाटात जुनं जनरल रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाच्या नोंदींचं) सापडलंय. सुरुवातीची पानं मोडीत आहेत, शाई फिकट झालीय, कडा हात लावला की तुटतात. नाशिकमध्ये मोडी नीट वाचणारं कुणी असेल तर कृपया सांगा. रजिस्टर बाहेर देता येणार नाही, शाळेतच बसून वाचावं लागेल. येण्याजाण्याची सोय आम्ही करू.

दुसरं म्हणजे, २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला, तो याच पंचवटीत. मुलं रोज परिपाठाला संविधानाची उद्देशिका म्हणतात. त्यातल्या 'समानता' या शब्दासाठी आपल्याच गल्लीत कसा लढा दिला गेला, हे त्यांना कळायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. कुणाचे आजोबा-पणजोबा सत्याग्रहात होते का? घरात ऐकलेली आठवण, जुना फोटो, काहीही चालेल. फोटोची मोबाईलवर कॉपी घेऊन मूळ लगेच परत करू.

कमेंटमध्ये किंवा मेसेजवर कळवा.