बेस्टची तूट नक्की कोणाच्या खात्यावर?

कंट्रोलर_चौकी

परवा इथे एका सदस्याने लिहिलं की बेस्ट, म्हणजे मुंबई पालिकेचा बस आणि वीज उपक्रम, हा पालिकेच्या गळ्यातला धोंडा, वीज विभाग विकून टाका, डेपो विकासकांना द्या, बसगाड्या राज्याच्या गळ्यात बांधा, करदात्याने तूट का सोसायची. वर टाळ्याही भरपूर पडल्या. तिथे चार ओळींत उत्तर मावेना, म्हणून वेगळा धागा.

बसची तूट कित्येक वर्षं वीज विभाग भरत होता. 2003 चा वीज कायदा आला, नियामक आयोगाने प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि वीजबिलातून बसची तूट वसूल करायची वाट गेल्या दशकात बंद झाली. मग पालिकेने भरावी म्हणायचं, तर पालिकेचा हुकमी पैसा होता जकातीचा. तीही 1 जुलै 2017 ला जीएसटीबरोबर गेली. त्या बदल्यात राज्याकडून दरमहा भरपाई येते: 2016-17 ची जकात पायाभूत धरायची आणि वर्षाला 8 टक्के वाढ. पहिला हप्ता सुमारे 647 कोटींचा होता. पैसा येतो, नाही कोण म्हणतंय? पण पूर्वी मुलुंड-दहिसरच्या नाक्यावर ट्रक उभा राहिला की भरणा त्याच दिवशी पालिकेच्या तिजोरीत व्हायचा. आता मंत्रालयाकडे डोळे लावून बसायचं.

उरला मालमत्ता कर. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना तो 1 जानेवारी 2022 पासून माफ झाला, आणि ती माफी राज्याच्या निर्णयाने झाली. बसभाडं वाढवायचं तर महानगर परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागते. आयुक्त मुंबई पालिकेच्या 1888 च्या कायद्याच्या कलम 54 प्रमाणे राज्य नेमतं. म्हणजे भाडं ठरवणार दुसरा, कर माफ करणार दुसरा, साहेब पाठवणार दुसरा, आणि तुटीचं खापर मात्र पालिकेच्या डोक्यावर. पालिकांना अधिकार देणारी 74वी घटनादुरुस्ती 1993 ला लागू झाली. अजून आपण सत्ता खाली आली का यावरच वाद घालतोय.

ताळेबंद

मांडणी छान आहे, पण अर्धीच आहे. 2025-26 चा पालिकेचा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा. त्यात बेस्टला 1,000 कोटी. टक्केवारी काढा: दीडसुद्धा भरत नाही. त्याच वर्षी भांडवली खर्चाला 43 हजार कोटींच्या वर तरतूद. 701 किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटला पैसा आहे, सागरी किनारा रस्त्याला 14 हजार कोटींच्या घरात पैसा होता. मुदत ठेवी एकेकाळी 90 हजार कोटींच्या पुढे होत्या. आणि बसचं नाव काढलं की लगेच राज्याने हात बांधलेले!

पाचशे फुटांचंही तेच. वचन 2017 च्या पालिका निवडणुकीत दिलं गेलं. 2022 ला ते देणाऱ्यांचीच पालिका आणि त्यांचाच मुख्यमंत्री. सुमारे 16 लाख घरं, वर्षाला साडेचारशे कोटींच्या वर पाणी सोडलं. कुऱ्हाडीचा दांडा कोणाचा होता तेही लिहा की.

कंट्रोलर_चौकी

ठेवींचं पालुपद येणारच होतं. त्यात कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी आहे, निवृत्तिवेतनाचा निधी आहे, कंत्राटदारांच्या अनामत रकमा आहेत, प्रकल्पांसाठी बांधून ठेवलेला पैसा आहे. उरतं ते मोकळं. शिवाय ठेव मोडून बांधकामाचा खर्च एकदा भागतो. चालक-वाहकांचे पगार आणि उपदान (ग्रॅच्युइटी) दरवर्षी ठेवी मोडून देणार का?

ताळेबंद

मोडू नका. निदान व्याजातून द्या. आधी रस्ता आणि उरलं तर बस, हा क्रम कोणत्या राज्य सरकारने लिहून दिला होता?

गिरगाव_गॅलरी

वीज विभाग तूट भरत होता, असं सहज लिहून मोकळे झालात. वीज विभाग म्हणजे कोण? कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतचे ग्राहक. बस दहिसर, मुलुंड, मानखुर्दपर्यंत. उपनगरातल्यांचं बिल दुसऱ्या कंपन्यांकडे, त्यांच्या बसची तूट आमच्या बिलात. गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीने गोराईची बस का पोसायची, याचं उत्तर कोणी आजवर दिलेलं नाही. आयोगाने बंद केलं ते बरोबरच केलं.

भांडुप_पश्चिम

अहो, तुमच्या खोलीत पाणी कुठून येतं? भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातून. देवनारला कचरा कोणाचा जातो? शहराने उपनगराला पोसलं हे ऐकून कान किटले. हिशोबच मांडायचा तर सगळा मांडा.

गिरगाव_गॅलरी

पाण्याचं बिल आम्ही वेगळं भरतो. दरवर्षी 8 टक्क्यांपर्यंत वाढीची मुभा प्रशासनाने 2012 लाच घेऊन ठेवली आहे. तुमचा मुद्दा इथे लागूच होत नाही.

उपकर_वाचक

मालमत्ता कराचं देयक कधी नीट उलगडून पाहिलंय का कोणी? सर्वसाधारण कर, जल कर, जललाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, महापालिका शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर. इथवर पालिकेचं. त्याच कागदावर राज्य शिक्षण उपकर आणि बिगरनिवासी असेल तर रोजगार हमी उपकर. हे दोन पालिका वसूल करते आणि राज्याकडे भरते. शिव्या पालिकेला, पैसा राज्याला. 2019 ला आधी फक्त सर्वसाधारण कर माफ केला, बाकीच्या ओळी तशाच राहिल्या. लोक म्हणाले, माफी कुठाय? मग 2022 ला सरसकट.

दुसरी गंमत: मुंबईत घर घेताना मुद्रांक शुल्कात 1 टक्का मेट्रो अधिभार पडतो. वाहतुकीच्या नावाने वसूल होतो, पण बेस्टला त्यातून छदाम नाही. मोटार वाहन करही राज्याचा. रस्ता पालिकेचा, खड्डा पालिकेचा, गाडीवरचा कर राज्याचा.

ताळेबंद

हा मुद्दा खरा आहे. अधिभारातला वाटा बेस्टने मागायला हवा. मागितला का कोणी लेखी, हे मात्र मलाही वाचायला आवडेल.

बारावी_अनुसूची

74व्या दुरुस्तीचे दाखले देणाऱ्यांनी त्यातली बारावी अनुसूची, पालिकांच्या विषयांची यादी, उघडून बघावी. 18 विषय आहेत. 'बस थांबे' आहेत, बससेवा नाही. म्हणजे घटनेने पालिकेला छत उभारायला सांगितलंय, त्याखाली बस थांबवायला नाही. तेव्हा बस राज्याने चालवावी म्हणणारा अगदीच मूर्ख नाही.

कंट्रोलर_चौकी

ती अनुसूची राज्यांनी काय सोपवावं याची यादी आहे. पालिकेने काय चालवू नये याची नाही. बेस्ट 7 ऑगस्ट 1947 ला पालिकेने घेतली, घटना लागू व्हायच्याही आधी. आणि राज्याकडे देऊन काय होतं ते एसटीच्या 2021 च्या संपात पाहिलंत की. महिनोन्‌महिने गाड्या आगारात उभ्या.

डेपो_मागे

पैसा कोणी द्यायचा यावर इतकं लिहिताय, तो जातो कुठे याबद्दल अवाक्षर नाही. भाडेतत्त्वावरच्या गाड्यांकडे या.

वेट लीजमध्ये गाडी कंत्राटदाराची, चालक त्याचा, दुरुस्ती त्याची. वाहक बेस्टचा, तिकिटाचा पैसा बेस्टचा. कंत्राटदाराला प्रतिकिलोमीटर दर. आता एक मार्ग घ्या: एका बाजूने 12 किलोमीटर, जाऊन-येऊन, शेवटच्या थांब्यावर टेकण्यासकट 120 मिनिटं. दर 10 मिनिटांनी बस हवी तर 12 गाड्या लागतात. 16 तासांत एक गाडी 8 फेऱ्या करते, 192 किलोमीटर. मेट्रोचं खोदकाम, काँक्रीट आणि दुतर्फा पार्किंग यांनी तीच फेरी 160 मिनिटांवर गेली की 8 च्या 6 फेऱ्या, 144 किलोमीटर. कंत्राटदाराची कमाई चौथ्या हिश्शाने खाली, पगार आणि कर्जाचा हप्ता तेवढाच. करारात हमीचे किलोमीटर असतील तर न धावलेल्या अंतराचे पैसे बेस्ट मोजणार. हमी कमी असेल तर कंत्राटदार ते चालकाच्या पगारातून आणि टायरमधून काढणार. मग पगार थकले म्हणून सकाळी अचानक काम बंद, आणि थांब्यावर लोक ताटकळत. थांबा गाळून गाडी पिटाळणं हेही यातूनच येतं. प्रवासी चढला काय, राहिला काय, त्याला किलोमीटर मिळतोच.

ताळेबंद

म्हणजे स्वतःच्या गाड्या स्वस्त पडतात? बेस्टच्या चालकाचा पगार, भत्ते आणि उपदान धरून प्रतिकिलोमीटर खर्च मांडा, मग बोलू. वेट लीज आलं ते त्याच हिशोबातून.

डेपो_मागे

स्वस्त पडतात असं म्हटलेलंच नाही. वाचता तरी का पूर्ण? जून 2019 ला कर्मचारी संघटनेशी करार झाला तेव्हा स्वतःच्या 3,337 गाड्यांचा ताफा राखायचं ठरलं होतं. जुन्या गाड्या मोडीत निघाल्या, नव्या घेतल्या नाहीत. आता स्वतःच्या काही शेच उरल्या. हातात स्वतःचा ताफा नसला की कंत्राटदार निघून गेला तरी त्याला थांबवायला काही उरत नाही.

विजेच्या गाड्यांचं गणित आणखी वेगळं. रात्रीच्या चार्जवर वातानुकूलन चालू ठेवून दोन्ही पाळ्या निघाल्या नाहीत की दुपारी गाडी डेपोत परत. येताना-जाताना रिकामे किलोमीटर. एकाच वेळी दहा गाड्या आल्या आणि चार्जर चार असले की संध्याकाळच्या गर्दीला गाडी गायब. आणि चालक: वर्षानुवर्षं क्लच-गिअरची डिझेल गाडी चालवलेल्या माणसाला बारा मीटरच्या स्वयंचलित गाडीवर पुरेशा सरावाविना बसवलं तर काय होतं, ते डिसेंबर 2024 ला कुर्ल्याच्या बस अपघातात दिसलं.

भांडुप_पश्चिम

कुर्ल्याचं राजकारण करू नका.

डेपो_मागे

प्रशिक्षणाचे तास मोजणं हे राजकारण असेल तर असो.

टेम्सकाठचा

लंडनमध्येही बस खाजगी कंपन्याच चालवतात, तिकिटाचा पैसा प्राधिकरणाकडे. खाजगी म्हणजे वाईट असं नाही. पण तिथे नुसता किलोमीटर मोजत नाहीत. गर्दीच्या मार्गावर वेळापत्रकापेक्षा प्रवाशाला सरासरी किती जास्त थांबावं लागलं ते मोजतात आणि त्यावर बक्षीस किंवा कपात. ट्रॅफिकमुळे अंतर बुडालं तर कंपनीला कापत नाहीत, गाडी नादुरुस्त झाली किंवा चालक आला नाही तर कापतात. आणि 2003 पासून मध्य लंडनात गाडी आणणाऱ्याकडून शुल्क, ते वाहतुकीवरच खर्च.

कंट्रोलर_चौकी

मग माझंच म्हणणं पुढे नेलंत. लंडनच्या महापौराला शुल्क लावता आलं. आपल्या महापौराने फोर्टमध्ये गाडीवर शुल्क लावायचं ठरवलं तर मंत्रालय काय म्हणेल?

ताळेबंद

मंत्रालय सोडा. आधी नगरसेवक काय म्हणेल ते सांगा. पार्किंगचं शुल्क वाढवायचं नाव काढलं की कोण आडवं पडतं, हे काय मुंबईत कोणाला ठाऊक नाही? आणि 2019 ला किमान भाडं 8 चं 5 वर आणलं, ते अनुदानाच्या बोलणीतच. सहा वर्षं तिथेच ठेवलं, मे 2025 ला एकदम 10. दरवर्षी रुपया-आठ आणे वाढवलं असतं तर ना प्रवासी ओरडला असता ना खड्डा पडला असता. प्राधिकरणाने अडवलं म्हणता, पण प्रस्ताव कधी पाठवलात?

कंट्रोलर_चौकी

मार्च 2022 ला पालिकेची मुदत संपली, मतदान थेट जानेवारी 2026 ला. पावणेचार वर्षं प्रशासक. पाठवला कोणी असता?

ताळेबंद

आणि 2019 ते 2022? बरं, प्रशासकाची वर्षं तुमच्या खात्यात टाकतो, तेवढी घ्या.

गिरगाव_गॅलरी

विजेच्या बिलाचं उत्तर अजून आलं नाही.

उपकर_वाचक

गिरगावकर, जानेवारी 2019 च्या नऊ दिवसांच्या संपातली मुख्य मागणी आठवा: बेस्टचा वेगळा 'क' अर्थसंकल्प पालिकेच्या मुख्य 'अ' अर्थसंकल्पात विलीन करा. झालं असतं तर बसची तूट अख्ख्या शहराच्या करातून गेली असती, तुमच्या मीटरमधून नाही. तुम्ही तेव्हा विरोधात होतात की बाजूने?

गिरगाव_गॅलरी

विरोधात. मालमत्ता करही आम्हीच भरतो ना. साडेपाचशे फूट आहे, माफीत बसत नाही.