एकट्यानं बेटावर जाऊन आलेल्यांनो, तुमचे अनुभव लिहा

धागा सुरू करणारी, छत्रपती संभाजीनगर

आपल्याकडं एकट्यानं तुळजापूरला गेलेलं चालतं. पंढरीला पायी गेलं तर कौतुकच होतं. पण लग्न मोडलंय, माणूस सोडून गेलंय, आणि अशा वेळी कुणी म्हणालं की मी एकटीच समुद्रापलीकडं जाऊन येते, तर घरचे घाबरतात. घरच्यांच्या आधी भावकी घाबरते.

माझ्या मते बेटावर सगळ्यात मोठा आराम मिळतो तो "काय झालं गं?" असं विचारणारं कुणी नसतं म्हणून. तालुक्याच्या गावात किराणा दुकानापासून दवाखान्यापर्यंत सगळे आपल्याला ओळखतात. विचारतात ते काळजीनंच. पण दर वेळी तीच गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते आणि खपली निघत राहते.

मराठवाड्यातून जे कुणी असं मन घेऊन एकट्यानं बेटावर जाऊन आले असतील, त्यांनी लिहा. कुठं गेलात, काय केलंत, घरच्यांना कसं सांगितलंत. उपयोग झाला नसेल तर तेही लिहा, ते वाचणंही कुणाला तरी गरजेचं असेल.

परभणी जिल्हा, शेतकरी, पुरुष, 31

आमची कोरडवाहू शेती आहे, कापूस आणि सोयाबीनची. जिच्याशी लग्न करायचं होतं तिच्या घरच्यांनी शेतीवाला नको म्हणून सांगितलं. आमच्या भागात हे काही नवं नाही, तिशी ओलांडलेली बिनलग्नाची पोरं प्रत्येक गावात आहेत. तिनं वर्षभर घरच्यांशी भांडण केलं, मग थकली. एप्रिलमध्ये तिचं लग्न लागलं.

मे महिन्यात रानात काम नसतं. नांगरट झालेली असते, बियाणं घरात आलेलं असतं आणि सगळं गाव एका बातमीची वाट बघत असतं: मान्सून अंदमानात दाखल. ही बातमी मी लहानपणापासून ऐकतोय. आज्जा ती ऐकला की पंचांग काढून नक्षत्र बघायचा. त्या वर्षी मनात आलं, बातमीतलं अंदमान एकदा बघून यावं. देवगिरी एक्सप्रेसनं सिकंदराबाद, तिथून चेन्नई आणि चेन्नईहून विमान. मायला सांगितलं, पाऊस बघायला जायलोय. ती म्हणाली, जा बाबा, पण फोन करत जा.

हे 2024 चं. 19 मे रोजी वेधशाळेनं मान्सून निकोबार आणि दक्षिण अंदमानच्या समुद्रात आल्याचं सांगितलं. मी तेव्हा हॅवलॉकला होतो. 2018 पासून त्या बेटाचं नाव स्वराज द्वीप आहे, पण तिथले लोक अजून हॅवलॉकच म्हणतात. पर्यटकांचा हंगाम संपलेला, खोली स्वस्तात मिळाली. तिथं घड्याळ आपलंच, पण पाचच्या आधीच उजाडतं आणि सहाच्या सुमारास अंधार पडतो. पहिल्यांदा काही सुधरत नाही.

राधानगरचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. दुपारी समुद्रावरून करडी भिंत सरकत येताना दिसली. आपल्याकडं आधी वारं सुटतं, मग धूळ, मग टपोरे थेंब आणि बऱ्याचदा तेवढ्यावरच संपतं. तिथं एकदम सगळंच आलं. जीवरक्षकानं शिट्टी वाजवून लोकांना पाण्यातून बाहेर काढलं, लाल झेंडा लावला. मी वाळूवर उभा राहून भिजलो आणि तिथंच रडलो. गावात पुरुषाला रडायला जागा नसते. घरात माय असते, रानात गडी असतात, पारावर मंडळी असतात.

पुढं बोटी बंद झाल्या आणि मी अडकून पडलो. चहाच्या टपरीवाल्या काकांचे वडील पूर्व बंगालमधून निर्वासित म्हणून तिथं आले होते. काका सुपारी-नारळ लावतात. मी शेतकरी आहे कळल्यावर त्यांनी दोन पावसांत किती खंड पडतो, कापसाला किती पाणी लागतं, सोयाबीनला काय भाव मिळतो, हेच सगळं विचारलं. त्यांच्याकडं वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि आमच्याकडं 700 ची मारामार. आमचा आकडा ऐकून ते गप्पच झाले. शेतकरी म्हणून मला नाकारलं गेलं होतं आणि इथं एक माणूस माझ्या शेतीबद्दल इतक्या मानानं विचारत होता. मला त्या काकांचे पाय धरावे वाटले.

घरी आलो तर आज्जीनं पहिलं विचारलं, पाऊस कुठवर आलाय? म्हणलं, निघालाय, बघून आलोय.

तिची आठवण येते. पेरणीच्या दिवसांत जास्तच येते. लपवायचं काही कारण नाही.

पैठण, औषधनिर्माता, स्त्री, 34

नातं कॉलेजपासूनचं होतं. त्यानं एका मेसेजवर संपवलं. नंतरचे महिने मी एकच काम करत होते: तो शेवटचा ऑनलाइन कधी होता ते बघणं. औषधं देताना, जेवताना, रात्री दोनला उठून. हे ज्यांनी केलंय त्यांना कळेल की यातून आपण आपल्या जोरावर बाहेर येत नाही.

2023 च्या मार्चमध्ये बालीला गेले. व्हिसा तिथं उतरल्यावर मिळाला, 5 लाख रुपिया भरून. उबुदजवळ एका कुटुंबाच्या घरातली खोली घेतली होती. घरमालकिणीला मी इबू म्हणायचे, तिथं आईला आणि मोठ्या बाईला तसंच म्हणतात. त्यांनी सांगितलं, 22 तारखेला न्येपी आहे, सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत बाहेर पडायचं नाही. विमानतळसुद्धा बंद असतो. आग पेटवायची नाही, काम करायचं नाही, प्रवास करायचा नाही, करमणूक करायची नाही, असे चार नियम. आणि मोबाइलचं इंटरनेटही बंद.

इंटरनेट बंद म्हटल्यावर माझ्या हाताला खरंच घाम फुटला.

आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह निघाले. बांबू आणि कागदाचे अक्राळविक्राळ राक्षस, दोन माणसं उंच, गल्लीतल्या पोरांनी खांद्यावर घेतलेले. ढोल, झांजा, आरडाओरडा. शेवटी आमच्या वाडीतला राक्षस जाळला. इबूनं सांगितलं, आतलं जे वाईट आहे ते यात जातं. मी त्या जाळाकडं बघत त्याचं नाव मनात घेतलं.

दुसऱ्या दिवशी सगळं बेट थांबलं. रस्त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र गुंडाळलेले पेचालांग, म्हणजे गावचे रक्षक, तेवढेच फिरत होते. सकाळभर मी फोन उचलत होते आणि ठेवत होते. दुपारनंतर उचलणं कमी झालं. संध्याकाळी दिवे लागले नाहीत, आणि इतकं गच्च चांदणं मी आजोळी शेतावर झोपायचे तेव्हापासून पाहिलं नव्हतं.

मला सगळ्यात जास्त हलवून गेली ती गोष्ट नंतर कळली. न्येपी हे त्यांचं नववर्ष. शक संवताचं. त्या दिवशी तिथं 1945 सुरू झालं. आणि त्याच 22 मार्चला आमच्या घरी गुढी उभी होती, शके 1945 ची. सनातून 78 वजा करायचे तोच हिशोब, त्यांचाही आणि आपलाही. ज्या शालिवाहनाच्या नावानं आपण हा शक मोजतो त्याची राजधानी म्हणून आमचं पैठण सांगितलं जातं. गुढीपाडव्याला घरापासून इतक्या लांब आपण एकटे, ही खंत घेऊन मी आदल्या रात्री झोपले होते. इबूला कॅलेंडर दाखवून हे समजावलं तर त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

इंटरनेट चालू झाल्यावर आधी आईला गुढीचा फोटो मागितला. त्याचं नाव मग बघितलं, पण मग. हा क्रम बदलायलाच मला तो एवढा प्रवास लागला.

नांदेड, पुरुष, 29

माझा अनुभव चांगला नाही. मालदीवला गेलो. महागड्या रिसॉर्टवर सगळी नवविवाहित जोडपी, जेवणाचं टेबल दोघांचंच मांडलेलं, दर वेळी वेटर विचारणार, मॅडम नंतर येणार आहेत का? पुढं माफुशी या स्थानिक लोकांच्या बेटावर छोट्या गेस्टहाउसमध्ये राहायला गेलो. तिथं दारू मिळत नाही, संध्याकाळी पोरं फुटबॉल खेळतात. मलाही घेतलं त्यांनी. तेवढे तास बरे गेले, बाकी जड. कुणी जाणार असेल तर जोडप्यांची बेटं टाळा, एवढं कळकळीनं सांगतो.

धाराशिव, वडील, निवृत्त शिक्षक

मी स्वतः गेलो नाही, मुलगी गेली. तरी लिहितो, कारण परवानगी देणाऱ्याचंही मन लिहायला हवं.

साखरपुडा झाल्यावर समोरच्यांनी मागण्या वाढवल्या. आम्ही नकार दिला तर लग्न मोडलं आणि बोल मात्र मुलीला लागला. ती नोकरीवरून यायची आणि दार लावून बसायची. एके दिवशी म्हणाली, अप्पा, मी अंदमानला जाते, एकटीच जाणार आहे. मी सरळ नाही म्हणालो.

तिच्या आईनं विचारलं, कुठं राहणार? मुलीनं नकाशा दाखवला. नील बेट, आताचं शहीद द्वीप. त्यावरच्या गावांची नावं सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. आमची ही जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या पिढीतली. सीतेच्या वनवासाच्या ओव्या म्हणताना अजून तिचा आवाज कापतो. ती म्हणाली, "सीतापूर आहे ना? मग जाऊ द्या तिला. त्या गावात तरी कुणी तिला बोल लावणार नाही." माझा नकार तिथंच गळून पडला.

पहिल्या रात्री मी झोपलो नाही. नेटवर्क जात-येत होतं. आम्ही माळकरी, मुलगी मासे खात नाही, तर घरमालकीण बंगाली मावशी तिच्यासाठी वेगळी भाजी करायची. ओहोटी लागली की दगडाच्या नैसर्गिक कमानीपर्यंत चालत जाता येतं, तिथल्या डबक्यांतले जीव तिनं मोजून मला सांगितले. पोहता येत नसतानाही ती प्रशिक्षकाचा हात धरून पाण्याखाली गेली. फोनवर म्हणाली, "अप्पा, खाली आपल्या श्वासाशिवाय दुसरा आवाजच नसतो. मला आठवलं की मी श्वास घेते."

त्या वाक्यानं मला कळलं की आमच्या घरात तिचं काय झालं होतं.

आता तिला लग्नाबद्दल आम्ही विचारत नाही. ती विषय काढेल तेव्हा बोलू.

लातूर, शाळेत शिक्षिका, स्त्री, 43

घटस्फोटानंतर मॉरिशसला गेले. मुंबईहून थेट विमान आहे, भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, हे दोन्ही माझ्यासारखीला सोयीचं. समुद्राचं सगळे लिहितात, मला सांगायचंय ते आप्रवासी घाटाबद्दल. पोर्ट लुईसला बंदरावर दगडी पायऱ्या आहेत, सोळा. 1834 पासून उसाच्या मळ्यांवर काम करायला हिंदुस्थानातून आणलेली माणसं इथून वर चढली. 2006 पासून ती जागतिक वारसा जागा आहे. त्यांत मराठी माणसंही होती, बहुतेक कोकणातली. आजही तिथल्या शाळांत मराठी शिकवतात आणि गणेश चतुर्थीची देशभर सुट्टी असते.

त्या पायऱ्यांपाशी मी बराच वेळ उभी राहिले. एकट्यानं आलेल्या, परत जाण्याचा रस्ता नसलेल्या बायका इथून चढल्या असतील. त्यांचं दुःख आणि माझं एका मापाचं नाही, ते मला नीट माहीत आहे. पण ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची लेकरं माझ्या वर्गात बसतात. दरवर्षी दिवाळीनंतर बाकं रिकामी होतात. त्यामुळं ऊस आणि घर सोडणं हे मला पुस्तकातलं वाटलं नाही.

एका मराठी मंदिरात एक आजी भेटल्या. त्यांची रोजची भाषा क्रिओल, मराठी भजनापुरती आणि थोडी बोलण्यापुरती. त्यांनी विचारलं, "एकटी आलीस?" मी हो म्हटलं. "बरं, जेव," एवढंच म्हणाल्या आणि ताट वाढलं. लातुरात याच प्रश्नानंतर आणखी दहा प्रश्न येतात.

परत आल्यावर मी माहेरचं आडनाव लावायला सुरुवात केली.

अंबाजोगाई, समुपदेशक, स्त्री

सगळं वाचलं. दोन-तीन गोष्टी मला ठामपणे सांगायच्या आहेत. मन दुखावलेलं असताना एकट्यानं प्रवास जरूर करा. पण कित्येक आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगू नये असं वाटतं, अशी अवस्था असेल तर आधी डॉक्टर. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. बेट त्यानंतर.

गेलात तर रोज संध्याकाळी एका माणसाला फोन, ठरलेल्या वेळी. अंधार पडल्यावर समुद्रात जायचं नाही आणि दारू पिऊन तर मुळीच नाही. लाल झेंडा असेल तर गुडघाभर पाण्यातही नको. आपण विहिरीत आणि धरणात पोहलेली माणसं, समुद्राची ओढ वेगळी असते. ती आत खेचायला लागली तर किनाऱ्याकडं झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा आणि मग किनाऱ्यावर या.

बीड, स्त्री, 26

माझं ताजंच आहे, त्याबद्दल अजून लिहिता येत नाही. लक्षद्वीपला जायचा विचार आहे. एकटीला जाता येतं का? परवान्याचं काय?

जालना, पुरुष, 38

ताई, जाता येतं, मी गेलो होतो. भारतीयांनाही परवाना लागतो, त्याशिवाय तिकीट काढून ठेवू नका. तिथल्या प्रशासनाच्या संकेतस्थळावर अर्ज होतो, नियम बदलत असतात म्हणून तिथलंच ताजं वाचा. 36 बेटांपैकी 10 वर वस्ती आहे. कोचीहून अगत्तीला विमान आहे, जहाजही आहे. जून ते सप्टेंबर टाळा. प्रवाळाच्या कड्यामुळं आतलं पाणी शांत असतं, कमरेएवढ्या पाण्यातही मासे दिसतात. भाषा मल्याळम, फक्त मिनिकॉय बेटावर महल नावाची भाषा. लोक धार्मिक आहेत, गावात अंगभर कपडे बरे. रोख पैसे जवळ ठेवा. आणि धपाटे बांधून न्या, चार दिवस टिकतात, तिथं तुम्हाला रोज भातच मिळेल.

धागा सुरू करणारी

बीडच्या ताई, जाण्याआधी मला निरोप पाठवा. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी फोन उचलायला मी आहे. काय झालं ते मी विचारणार नाही.