मॅरियन फिनूकनला तुम्ही कधी ऐकलंत? अनुभव लिहा

नमस्कार मंडळी,
आयर्लंडची लाडकी रेडिओ निवेदिका मॅरियन फिनूकन २ जानेवारी २०२० ला गेली. तरी शनिवारी-रविवारी सकाळी, तिच्या कार्यक्रमाच्या वेळी, चहा घेताना माझा हात आपोआप आरटीई या इथल्या सरकारी रेडिओकडे जातो. आर्किटेक्चर शिकलेली ही बाई १९७४ मध्ये आरटीईत निवेदिका म्हणून लागली. १९८५ मध्ये तिचा ‘लाइव्हलाइन’ हा श्रोत्यांच्या फोनचा कार्यक्रम सुरू झाला, आणि लोक घरातून फोन करून शेजाऱ्यालाही न सांगितलेलं तिला सांगू लागले. इथे सगळेच तिला नुसतं मॅरियन म्हणायचे, म्हणून मीही एकेरीत लिहिलंय. तुमच्याही आठवणी लिहा.

*

मी २००६ मध्ये नर्स म्हणून डब्लिनला आले. एप्रिल २००८ मधला शनिवार होता. वॉर्डातल्या एका आजींचा रेडिओ चालू होता. लेखिका नूला ओफेलन, मॅरियनची मैत्रीण, सांगत होती की कॅन्सर पसरलाय, किमो घेणार नाही. मरणानंतर काही असतं यावर आपला विश्वास नाही, हेही सांगत होती. मध्येच रडत होती. मॅरियनने तिला गप्प केलं नाही, खोटा धीर दिला नाही. हळू आवाजात पुढचा प्रश्न विचारला, इतकंच. मी औषधांची ट्रॉली धरून दारातच उभी राहिले. आजींनी खुणेनं बसायला सांगितलं.

नूला ९ मे ला गेली.

तोपर्यंत कुणी पेशंट मरणाबद्दल बोलायला लागला, की ‘असं अभद्र बोलू नये’ म्हणत मी चादर नीट करायला लागायचे. घरात तेच ऐकत वाढले होते. त्या दिवसानंतर मी खुर्ची ओढून बसायला लागले.

*

कॉर्कहून. २०१० मध्ये माझी नोकरी गेली. नोव्हेंबरात देशाने ८५ अब्ज युरोंचं मदत-कर्ज घेतलं. रविवारी मॅरियनच्या कार्यक्रमात पाहुणे वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवर चर्चा करायचे. गोलगोल बोलणाऱ्याला ती तोच प्रश्न परत विचारायची. देशाचं काय चाललंय ते मला तिथे कळलं.

*

मी बेळगावची, राहते गॉलवेला. आमच्या बेळगावचीच सविता हलप्पनवार गर्भपात नाकारला गेल्यावर २०१२ मध्ये इथे गेली, तेव्हा माहेरचंच कुणी गेल्यासारखं वाटलं. शेजारच्या वयस्कर बाई मला म्हणाल्या, मॅरियनने हा विषय कधीच मांडला होता. गर्भपातासाठी इंग्लंडला जाणाऱ्या एका स्त्रीसोबत जाऊन तिने रेडिओ माहितीपट केला होता, गर्भपातबंदी घटनेत घालणारी १९८३ ची आठवी घटनादुरुस्ती येण्याच्याही आधी. त्याला प्री इटालिया हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी ती दुरुस्ती काढायला कौल दिला. त्या रात्री आम्ही दोघी त्यांच्या स्वयंपाकघरात उशिरापर्यंत बसलो होतो.

*

वरच्या नर्सताईंसाठी : मॅरियनची मुलगी सिनेड १९९० मध्ये ल्युकेमियाने गेली. आठ वर्षांची होती. आमचाही मुलगा त्याच आजाराने गेला. नूलाची ती मुलाखत मी बायकोसोबत ऐकली होती. संपल्यावर आम्ही कितीतरी वर्षांनी त्याचं नाव घेऊन बोललो.