घोटाळ्याचा तपास सत्तेच्या आतल्या वर्तुळापर्यंत कसा पोहोचतो?

जिज्ञासू

भ्रष्टाचाराची काही प्रकरणे एखाद्या कनिष्ठ अधिकाऱ्याच्या निलंबनावर संपतात, तर काही तितक्याच किरकोळ घटनेतून सुरू होऊन पक्षाचे खजिनदार, मंत्र्यांचे विश्वासू आणि बडे कंत्राटदार यांच्यापर्यंत जातात. ही मंडळी कागदावर सही करत नाहीत आणि पैशाला स्वतः हात लावत नाहीत. मग तपास त्यांच्यापर्यंत जातो तो यंत्रणेच्या जिद्दीमुळे, वृत्तपत्रांच्या दबावामुळे, की आणखी कशामुळे?

सांजवारा

जिद्द हवीच, पण वरच्यांनी खालच्या माणसाला वाऱ्यावर सोडले की प्रकरण फिरते, असे मला वाटते. १७ फेब्रुवारी १९९२ रोजी इटलीतील मिलान शहरातल्या एका सार्वजनिक वृद्धाश्रमाचे प्रमुख मारिओ किएझा यांना सफाईच्या कंत्राटदाराकडून सत्तर लाख लिरांची लाच घेताना पकडण्यात आले. ते समाजवादी पक्षाचे कार्यकर्ते होते आणि सुरुवातीला गप्पच राहिले. निवडणूक तोंडावर आलेली असल्यामुळे पक्षाचे नेते व माजी पंतप्रधान बेत्तिनो क्राक्सी यांनी त्यांची एक भामटा म्हणून जाहीर संभावना केली आणि पक्ष मात्र स्वच्छ असल्याचा निर्वाळा दिला. काही आठवड्यांतच किएझा बोलू लागले. त्यांनी नावे घेतल्यावर कंत्राटदार धास्तावले, आणि आपले नाव दुसऱ्याने सांगण्याआधी आपणच सांगितलेले बरे, या हिशेबाने अनेक जण अभियोक्त्यांकडे येऊ लागले. फेब्रुवारी १९९३मध्ये क्राक्सी यांना पक्षाचे नेतृत्व सोडावे लागले, पुढच्या वर्षी ते ट्युनिशियाला निघून गेले आणि २००० साली तिथेच वारले.

अशा वर्तुळातले मौन परस्परांवरच्या भरवशावर टिकते. आपल्याला सांभाळून घेतले जाईल ही खात्री असेपर्यंत प्रत्येकाला गप्प राहणेच फायद्याचे असते. ती खात्री गेली की आधी बोलणाऱ्याला सवलत मिळते आणि शेवटच्याकडे सांगण्यासारखे काहीच उरत नाही. म्हणूनच माफीचा साक्षीदार करण्याची कायदेशीर तरतूद इतकी महत्त्वाची ठरते.

तळटीप

याला पैशाच्या वाटेची जोड द्यायला हवी. काळा पैसा बिनबोभाट पोहोचवू शकणारी माणसे थोडी असतात, त्यामुळे एकच मध्यस्थ परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक पुढाऱ्यांचे काम करतो, आणि तो सापडला की एकाच वेळी अनेक घरांचे दरवाजे उघडतात. ब्राझीलमध्ये मार्च २०१४मध्ये सुरू झालेल्या तपासात आधी चलनाचे बेकायदा व्यवहार करणारे लोक लक्ष्य होते. त्यांपैकी आल्बेर्तो युसेफ यांनी पेत्रोब्रास या सरकारी तेल कंपनीच्या एका माजी संचालकाला महागडी मोटार दिल्याचे आढळले, आणि त्या एका भेटीवरून तेल कंपनीची कंत्राटे, बांधकाम कंपन्या आणि पक्षांचे निधी अशी साखळी उलगडत गेली. लाचेचाही हिशेब ठेवावाच लागतो, कारण मधल्या माणसाने पैसे खिशात घातले नाहीत याची देणाऱ्याला खातरजमा करायची असते. ओडेब्रेख्त या बांधकाम कंपनीने तर त्यासाठी स्वतंत्र विभागच चालवला होता. डिसेंबर २०१६मध्ये तिने बारा देशांत मिळून सुमारे ७८.८ कोटी डॉलर लाच दिल्याचे अमेरिकेच्या न्यायालयात कबूल केले.

साक्षेपी

वरील दोन्ही उत्तरे पटतात, पण नाव येणे आणि दोष सिद्ध होणे यांत फार मोठे अंतर आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष झाल्याची किंमत आपण मोजलेली आहे. १९९१ साली दहशतवाद्यांना मिळणाऱ्या पैशाचा माग काढताना जैन बंधू या उद्योजकांच्या डायऱ्या सापडल्या. त्यांत आद्याक्षरे आणि रकमा होत्या, आणि त्यावरून अनेक पक्षांच्या वजनदार नेत्यांवर आरोपपत्रे दाखल झाली. मात्र केवळ नोंदींवरून, स्वतंत्र पुराव्याशिवाय, कोणावरही जबाबदारी टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली सांगितले आणि खटले उभे राहू शकले नाहीत. ब्राझीलमध्येही माजी राष्ट्राध्यक्ष लुला यांच्यावरील शिक्षा २०२१मध्ये रद्द झाल्या, कारण शिक्षा देणाऱ्या न्यायालयाला अधिकारक्षेत्रच नव्हते. न्यायाधीश पक्षपाती होते, असाही निर्णय पुढे आला. स्वतःची शिक्षा कमी करून घेणाऱ्याला मोठे नाव सांगण्याचा मोह होतोच.

जिज्ञासू

मग साक्षीदाराचे म्हणणे नेमके कशाने पक्के होते?

साक्षेपी

इतरत्र आधीच नोंदल्या गेलेल्या गोष्टींशी ते जुळावे लागते. पैसे अमुक दिवशी अमुक कार्यालयात दिले असे तो म्हणत असेल, तर त्या दिवशीची अभ्यागतांची नोंदवही, दूरध्वनीच्या नोंदी, बँकेतून निघालेली रोकड आणि त्यानंतर किती दिवसांत कंत्राटाची धारिका पुढे सरकली, हे सर्व एकाच तक्त्यात मांडून पाहावे लागते. विश्वासू माणसाची सही कुठेच नसली, तरी त्याच्या भेटीनंतर निविदेच्या अटी बदलल्या असतील, तर तो बदल कोणाच्या सांगण्यावरून झाला हा प्रश्न सही करणाऱ्या अधिकाऱ्याला विचारता येतो, आणि तोही आता एकटा पडलेला असतो.