मापन केल्यावर माहिती खरंच नष्ट होते का?

प्रश्न: चांदीचा अणू स्टर्न-गेर्लाखच्या चुंबकातून (स्पिननुसार अणूंना दोन वाटांत विभागणारा) गेला की स्पिन (अणूचा फिरकीसारखा अंगभूत गुण) वर का खाली एवढंच कळतं, मग आधीच्या सुपरपोझिशनमधली (वर आणि खाली दोन्ही एकत्र असलेल्या अवस्थेतली) फेज (त्या दोन भागांमधला लाटांसारखा मेळ) कुठे गेली? श्रोडिंगरचं समीकरण (क्वांटम अवस्था काळानुसार कशी बदलते ते सांगणारं) तर उलटंही चालतं ना?

उत्तर १: अरे नुसत्या चुंबकाने काहीच जात नाही, दोन्ही वाटा नीट परत जुळवल्या तर तत्त्वतः मूळ स्पिन मिळतो. गोची होते अणू डिटेक्टरवर आपटला की, तिथे फेज असंख्य अणूंत पसरते, नष्ट नाही पण आपल्या हाताबाहेर.

उत्तर २: हे एव्हरेटवाल्यांचं (१९५७, कोलॅप्स न मानणारे) झालं. कोलॅप्स (मापनाने अवस्था एकाच पर्यायावर येणं) खरा मानला तर गेली ती गेलीच.

उत्तर ३: अर्धवट मापन (थोडीच माहिती काढणारं) मात्र उलटवता येतं! २००८ मध्ये सुपरकंडक्टिंग क्यूबिटवर (अतिवाहक सर्किटचा क्वांटम बिट) करून दाखवलंय, दरवेळी जमत नाही, आणि जमलं की मापनातून कळलेलं पुसलं जातं, मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं.