पित्त समजून दोन दिवस गेले होते. या वेळी गणपतीआधीच घर सोडून दवाखान्याजवळ राहावे का?

मी देवगड तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावात राहते. वय ३४ वर्षे, दुसरी खेप, सध्या सव्विसावा आठवडा चालू आहे. तीन वर्षांपूर्वी पहिल्या खेपेला एकतिसाव्या आठवड्यात रक्तदाब एकाएकी वाढला, तातडीने सिझेरियन करावे लागले आणि बाळ चार दिवस काचपेटीत राहून गेले. त्यामुळे या वेळी पहिल्या तपासणीपासूनच माझ्या कागदावर ‘अतिजोखमीची माता’ असा शिक्का आहे.

मागच्या वेळचे सांगितल्याशिवाय माझा प्रश्न नीट समजणार नाही. तेव्हा दोन दिवस डोके ठणकत होते आणि उजव्या बरगडीखाली दुखत होते. घरात सर्वांना, आणि मलाही, ते पित्तच वाटले. सासूबाईंनी आमसुलाचे पाणी दिले, सुंठ उगाळून कपाळाला लावली, आणि मी दोन रात्री तशाच काढल्या. गरोदरपणात रक्तदाब वाढण्याच्या या आजारात यकृतावर ताण आला की नेमके तिथेच दुखते आणि ते पित्तासारखेच वाटते, हे डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितले. सासूबाईंनी जे केले ते मायेनेच केले, त्यांच्यावर माझा जराही राग नाही. परंतु आमसुलाच्या पाण्याचा वास मला आता सहन होत नाही, आणि हे मी त्यांना अजून सांगू शकलेले नाही.

या वेळी बाराव्या आठवड्यापासून रात्री कमी मात्रेची ॲस्पिरिन चालू आहे आणि विसाव्या आठवड्यापासून रक्तदाबाची गोळी दिवसातून दोनदा घेते. रक्तदाब १३०/८४ ते १३८/८८ असा राहतो. पंधरा दिवसांपूर्वीच्या सोनोग्राफीत बाळाचे वजन किंचित कमी आले, मात्र वारेतून बाळाला होणारा रक्तपुरवठा ठीक आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची तपासणी असते, तिलाही जाते. १४०/९० च्या वर आकडा आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजून फोन करावा; १६०/११० झाला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, डोकेदुखी थांबेना, चेहऱ्यावर एकदम सूज आली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर फोनची वाट न पाहता थेट निघावे, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. तो कागद देवघराशेजारी चिकटवला आहे.

डॉक्टरांनी दिवसातून दोनदाच, पाच मिनिटे टेकून स्वस्थ बसल्यावर आणि न बोलता रक्तदाब मोजायला सांगितले आहे. मी मात्र दहा-बारा वेळा मोजते. मनात धाकधूक असली की आकडा वाढतो, वाढलेला आकडा पाहून धाकधूक आणखी वाढते, आणि मग पहाटेपर्यंत झोप लागत नाही. बाहेर पाऊस कोसळत असतो, लाईट गेलेली असते, फोनला रेंज नसते, आणि १०८ ची गाडी बोलवायची तर कशी आणि ती आमच्या वाडीपर्यंत पोहोचायला किती वेळ लागेल, याचाच हिशेब मी अंधारात करत बसते. जास्तीचे आकडे मी एका वेगळ्या वहीत लिहून लपवून ठेवते. यजमानांनाही ती वही ठाऊक नाही.

आता मुख्य अडचण. कोल्हापूरच्या डॉक्टरांच्या मते बत्तिसाव्या आठवड्यापासून मी दवाखान्यापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर राहावे. बाळ लवकर काढावे लागले तर त्याच्या फुफ्फुसांसाठी आधी इंजेक्शने द्यावी लागतात आणि त्यांचा पुरेसा परिणाम व्हायला साधारण एक दिवस लागतो. तो दिवस प्रवासात जाऊ नये, असे त्यांचे म्हणणे आहे आणि मला ते पटते. तळेरे, वैभववाडी, करूळ घाट हा आमचा रस्ता. पावसात दरड कोसळली की तो बंद होतो. चौतिसावा आठवडा नेमका गणपतीत येतो, तेव्हा महामार्गावर चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग असते. शिवाय आमच्या घराण्यात सून गरोदर असेल तर बाळंतपण होईपर्यंत गणपतीचे विसर्जन करत नाहीत. मूर्ती घरात आणि सून परगावी, हे सासूबाईंच्या मनाला पटत नाही. मागच्या खेपेला बाळ गेले, त्यामुळे या वेळी रीतीत काही उणे राहू नये, अशी त्यांची भीती आहे. माझी भीती वेगळी असली तरी त्यांची खोटी आहे असे मला म्हणवत नाही. यजमान ‘तू म्हणशील तसे’ एवढेच म्हणतात, आणि त्यामुळे सगळे ओझे पुन्हा माझ्यावरच येते.

ज्या ताया अशा प्रसंगातून गेल्या आहेत त्यांना माझे विचारणे आहे. घरातील वडीलधाऱ्यांना न दुखावता तुम्ही हे कसे सांगितले? डॉक्टरांनी सासूबाईंशी स्वतः बोलावे, अशी विनंती कोणी केली आहे का, आणि त्याचा उपयोग झाला का? कोल्हापुरात दीड-दोन महिन्यांसाठी खोली घेऊन राहिलेल्या कोणी असतील तर सोबतीला कोण होते, स्वयंपाकाचे कसे केले, हेही लिहावे. सारखा रक्तदाब मोजण्याची सवय कशी सोडवली, हे तर जरूर सांगावे; यंत्र यजमानांच्या ताब्यात द्यावे असे एकदा मनात आले होते, पण मग वहीचेही सांगावे लागेल.

दहा दिवसांनी पुढची सोनोग्राफी आहे आणि या वेळी सासूबाईंना सोबत नेण्याचा विचार आहे. त्याआधी उत्तरे मिळाली तर फार उपकार होतील.