आजोबांचं धातूचं क्लॅरनेट, कुठेच नाव नाही. बनवणारा कसा शोधायचा?

महालवाला:
नमस्कार मंडळी, नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर रिकामं करून राहिलोय, तर माळ्यावर धोतरात गुंडाळलेलं आजोबांचं क्लॅरनेट सापडलं. आजोबा बँडमधे होते, लग्नं, मारबत, गणपती सगळीकडे वाजवायचे. पण हे लाकडाचं नाही, पूर्ण धातूचं आहे, पांढरट, मुलामा जागोजागी उडालाय अन् खालून पिवळं दिसते. बेलवर (खालच्या रुंद तोंडावर) नाव नाही. काका म्हणतात चांदीचं आहे, इतवारीत सराफ्याला दाखव. मेव्हणा म्हणतो हा सोप्रानो सॅक्सोफोन. चाव्या १७ आहेत (पहिल्यांदा मोजल्या तर १६ आल्या होत्या), बोटांखाली रिंगा ६. कोणी बनवलं असेल?

कामठीकर:
मेव्हण्याला म्हणा नळीतून आरपार बघ. सॅक्सोफोन वरून खाली रुंद होत जातो, क्लॅरनेटची नळी थेट बेलजवळ येईपर्यंत जवळपास सारखीच राहते. अन् खालून पिवळं दिसते म्हणजे पितळ, वर निकेलचा नाहीतर चांदीचा पातळ मुलामा, सराफा तुम्हाला चहा पाजून परत पाठवेल 😄
१७ चाव्या ६ रिंगा म्हणजे बोएम सिस्टिम (चाव्यांच्या मांडणीची एक पद्धत). मी बँडवाल्यांकडे पाहिलेली जुनी क्लॅरनेटं बहुतेक अल्बर्ट सिस्टिमची, म्हणजे जुन्या मांडणीची, १३ चाव्यांची.

बाजेवाला_भाऊ:
मेरठचं असेल हो. जली कोठी भागात अर्ध्या देशाचे बाजे बनतात, नादिर अलीवाले तर १८८५ पासून आहेत.

पॅडवाला:
भाऊ, मेरठचं नसेलच असं नाही, पण नाव नाही म्हणून लगेच मेरठ म्हणू नका. ३० वर्षं क्लॅरनेटच्या चाव्यांखालचे पॅड बदलतोय म्हणून थोडं लांबलचक लिहितो. धातूची क्लॅरनेटं सगळ्यात जास्त निघाली अमेरिकेत, १९२० अन् ३० च्या दशकात, शाळांच्या अन् मिलिटरी बँडसाठी, कारण लाकूड तडकते अन् हे पडलं तरी पोचा काढून चालते (आपल्या मे महिन्यात लाकडी क्लॅरनेटची काय हालत होते ते मला विचारा). बोस्टनची कंडी-बेटोनी, एल्कहार्टच्या कॉन अन् पेडलर, क्लीव्हलँडची एच. एन. व्हाइट, हे मोठे. यातले काही कारखाने दुसऱ्या दुकानांसाठीही माल बनवायचे, दुकानदार आपलं नाव टाकायचा, याला स्टेन्सिल म्हणतात. म्हणून बेलवर नाव असतं तरी ते बनवणाऱ्याचंच असेल याची गॅरंटी नव्हती.

ओळख पटते ती चाव्यांवरून. रजिस्टर चावीचा (मागची, डाव्या अंगठ्याची) आकार, करंगळीच्या चाव्यांची टोकं, चावी धरणारे खांब, अंगठ्याचा टेकू, बॅरल (तोंडाजवळचा छोटा तुकडा) फिरवून लांबी कमीजास्त होते का, शरीर एका तुकड्याचं की दोन, याचे जवळून फोटो काढा अन् नाव असलेल्या वाद्यांशी जुळवा. नावाला भुलू नका, टेकूकडे बघा. टेकूच्या आसपास मागच्या बाजूला नंबर किंवा एलपी, एचपी अशी अक्षरं मिळू शकतात. एलपी म्हणजे लो पिच, आजचा ४४० हर्ट्झच्या आसपासचा सूर, एचपी म्हणजे जुना चढा सूर, तो निघाला तर हार्मोनियमसोबत काही जमणार नाही. अन् बावा, पॉलिश, बफिंग काहीच करू नका, पुसट ठसा असला तर तोही जाईल.

महालवाला:
दादा, उशीर झाला 😭 काल आईनं चिंच अन् राख लावून देवाच्या भांड्यांसोबत घासून काढलं, एकदम चकाचक. तरी तुमचं वाचून मोबाइलचा टॉर्च आडवा धरला तर टेकूच्या वर एल अन् पी दिसलं, खाली चार आकडे, त्यातले दोन लागतात, ३ अन् ७. बॅरल फिरते, शरीर एकाच तुकड्याचं आहे.

पॅडवाला:
एलपी आहे, ही अक्षरं बहुतेक अमेरिकन वाद्यांवर असायची, म्हणजे मेरठवर मी तरी पैसे लावणार नाही. त्या आकड्यांवर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकी फिरवा, उरलेले उमटतात कधी कधी. आईला काही बोलू नका, माझ्याकडे लोक सँडपेपर मारून आणतात.

महालवाला:
करतो. फोटो उद्या उजेडात टाकतो. अन् चाव्या १७ च आहेत, सतरावी धोतराला अडकून राहिली होती, स्क्रूसकट.